तांदळातलं नाव

भात कापायला आलं की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. आश्विन अर्धा सरला, वर कडक ऊन आणि खाली अजून ओल, कापलेल्या पेंढीचा तो गोडसर, घशाला खवखवणारा वास अंगणात आला, की आमचे हे हळूच चहाचा कप उचलून मागच्या पडवीत जाऊन बसतात. त्यांना वाटतं, हिला ऊन बाधतं. गेली तीसपेक्षा जास्त वर्षं मी त्यांना तसं वाटू दिलं आहे.

माझं नाव शार्विन. रेशनकार्डावर तेच, मतदारयादीत तेच, मुलांच्या दाखल्यांवर आईचं नाव म्हणून तेच. बँकेतली मुलगी दरवेळी वर बघून विचारते, आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या? कोणाला मी बंगाली वाटते, कोणाला गोव्याकडची ख्रिस्ती. हे सोबत असले की लगेच छाती काढून सांगतात, ‘आमच्या हिचं नाव एका परदेशी भाषेतलं आहे. तिनंच निवडलेलं.’ मग मी हसते. खोटं हसायला फार सराव लागतो असं म्हणतात, पण मला ते पहिल्याच दिवशी जमलं होतं.

ऐंशीचं दशक संपायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी सुलभा होते. मिठबावच्या एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी, कणकवलीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. नंदा खारेपाटणची, तिच्या वडिलांचं किराणा दुकान. आम्ही दोघी एस.टी. स्टँडच्या मागे एका बाईंकडे खोली घेऊन राहत होतो. एक खाट, एक सतरंजी, आणि आठवड्याच्या पाळ्या: या आठवड्यात खाट तिची, पुढच्या आठवड्यात माझी. नंदाचा मामा बोटीवर होता. तो घरी आला की अत्तर, साबण आणि वाचून टाकलेल्या अमेरिकन मासिकांचा गठ्ठा आणायचा. साबण तिची आई कपाटात ठेवून द्यायची. मासिकं आमच्या वाट्याला येत.

त्यांतल्या एका अंकात अर्ध्या पानाचा मजकूर होता. अमेरिकेत काही माणसं घरी बसून एक नवी भाषा तयार करत होती. लोजबान तिचं नाव. तिच्यात प्रत्येक वाक्याचा एकच अर्थ निघेल, संदिग्ध काही राहणार नाही, असा त्यांचा दावा होता. खाली पत्ता होता. आम्ही पत्र टाकलं. दोन महिन्यांनी, आम्ही विसरूनही गेलो होतो तेव्हा, पोस्टमनने एक जाड तपकिरी पाकीट आणून दिलं. आत चक्रमुद्रित कागद: हजारावर शब्दांची यादी, थोडं व्याकरण, आणि कोणीतरी हाताने लिहिलेल्या दोन ओळी की भारतातून पत्र आल्याचा आनंद झाला. त्या दोन ओळी आम्ही इतक्या वेळा वाचल्या की कागदाची घडी फाटली.

नंदाने जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. दुकानदाराच्या घरी त्या ढिगाने येतात. पत्रिकांच्या कोऱ्या पाठी कात्रीने कापून आम्ही पत्ते केले. एका अंगाला त्यांचा शब्द, खाली मराठी अर्थ; उलटं केलं की कोणाच्या तरी ‘चि. सौ. कां.’चा तुकडा. शब्द पाठ करता करता अख्ख्या तालुक्यातल्या नवऱ्यामुली आमच्या हाताखालून गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत नंदा माझ्याबरोबर मिठबावला आली. घरी झोडणी चालू होती. खळ्यात, म्हणजे आमच्या सारवलेल्या अंगणात, बायका पेंढ्या आपटत होत्या, दाणे तडतड उडत होते, कोंड्याने अंग खाजत होतं. आम्ही गवताच्या उडवीला पाठ लावून पत्ते घेऊन बसलो. अण्णा, माझे वडील, चष्मा कपाळावर सरकवून आमच्याकडे बघत उभे राहिले.

‘गो, ही भाषा बोलतत कोण?’

‘अजून कोण नाय, अण्णा.’

‘मगे बरा आसा. त्या भाषेत भांडणा तरी होवची नाय.’

असं म्हणून ते पुन्हा भाताकडे वळले. मला ते तेव्हा फार विनोदी वाटलं होतं.

त्याच दुपारी नावांचा विषय निघाला. कागदात लिहिलं होतं की भाषा शिकणाऱ्याने आधी स्वतःला एक नाव घ्यावं. पण कुठलंही नाव चालत नव्हतं. नावाचा शेवट व्यंजनाने व्हायला हवा, स्वराने नाही. व्यंजनानंतर क्षणभर थांबायचं, म्हणजे पुढचा शब्द नावात घुसत नाही. नाव येतंय हे कळायला आधी ‘ला’ म्हणायचं. आणि म्हणूनच नावाच्या पोटात ‘ला’ आलेला चालत नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं मधेच दुसरं नाव सुरू झालं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की आपला ‘ल’ही ‘ला’च होतो. ख, घ, भ असली आपली श्वास सोडून म्हणायची अक्षरं तर त्यांच्याकडे नव्हतीच. नंदाने माझ्या नावाला एकेक नियम लावून पाहिला आणि खूश होऊन मान हलवली.

‘तुझा नाव सगळ्यात नापास. शेवटाक स्वर, मधी ला, आणि वर भ. एका नावात तीन गुन्हे.’

‘आणि तुझा?’

‘माझा फक्त शेवट वाईट.’

मी नाव दुरुस्त करून पाहिलं. ला काढला, भ चा ब केला, शेवटी स लावला. जे उरलं ते कुठल्या तरी औषधाच्या गोळीसारखं वाटत होतं. मग मी यादीच काढली. हजारभर परक्या शब्दांत एका शब्दाशी माझी आधीपासून ओळख असावी असं वाटलं. पाऊस. त्यांच्या भाषेत तो ‘शार्वी’. माझा जन्म आषाढातला. आई सांगायची की सुईणीला आणायला गेलेली माणसं व्हाळाला पाणी आलं म्हणून पलीकडेच अडकली होती. मी ‘शार्वी’ला न जोडला. शार्विन. मध्ये ला नाही, श्वासाचं अक्षर नाही, शेवट घट्ट बंद. पत्त्यावर लिहिलं, पुढे थांबण्याचं टिंब दिलं, आणि मला एकदम हसूही आलं आणि रडूही. बावीस वर्षांची झाले होते, आणि माझ्याजवळ मी स्वतः निवडलेली ही पहिली वस्तू होती.

नंदानेही एक नाव केलं. तिला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. तिने चार नावं खोडली आणि पाचवं ठेवलं. मग नावं टिकतात का हे पाहायला ती विहिरीपाशी गेली, मी खळ्यात उभी राहिले, आणि आम्ही एकमेकींना हाका मारल्या. त्या भाषेत हाक मारायला ‘दोइ’ म्हणतात. आपला ‘गो’ नावाच्या आधी येतो, नंतर येतो, नुसताही येतो. त्यांचा दोइ मात्र इमानदारीत नावाच्या आधी उभा. ‘दोइ शार्विन’, नंदा विहिरीवरून ओरडली, आणि शेवटचा न संपला की एक क्षण थांबली, नियमाप्रमाणे. त्या थांबण्यात माझं नाव पुरतं ऐकू आलं. नंतर कोणाच्याही तोंडून ते तसं ऐकू आलं नाही.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. लग्न होऊन मुलगी सासरी आली की लक्ष्मीपूजन होतं. एका ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, बायका वाकून वाचतात, आणि साखर वाटतात. बस. सकाळी निघालेली मुलगी संध्याकाळी दुसरी असते. माझी आई लग्नाआधी कोण होती हे मला दहाव्या वर्षी, एका जुन्या भांड्यावर नाव दिसलं तेव्हा कळलं. भांडं कोणाचं म्हणून विचारलं तर आई म्हणाली, ‘माझाच गो ता.’ आणि घासत राहिली.

म्हणून त्या दुपारी नंदा आणि मी ठरवलं. ताटात सासरचे काय लिहायचं ते लिहोत. सुनीता लिहोत, लक्ष्मी लिहोत. लुगडं नेसावं तसं ते वरून नेसायचं. आतलं नाव आपलं. माझं तिच्याकडे, तिचं माझ्याकडे, तिसऱ्या कोणाकडे नाही.

‘घोवाक, नवऱ्याक पण नाय,’ नंदा म्हणाली.

‘घोवाक तर नायच नाय.’

दसऱ्याला दारावर बांधलेल्या नव्या भाताच्या लोंब्या अजून चौकटीला होत्या, सुकून पिवळ्या पडलेल्या. त्या लोंबीला हात लावून आम्ही दोघींनी शब्द दिला. आज हे पोरकट वाटतं. तेव्हाही थोडं वाटलंच होतं, पण हात लावताना दोघींपैकी कोणी हसलं नव्हतं.

तीच दिवाळी संपता संपता माझं लग्न ठरलं. स्थळ कणकवलीजवळच्या गावचं, भातशेतीचं घर, मुलगा कणकवलीत एका कचेरीत कारकून. साखरपुडा झाला, तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. मला मुलगा आवडला होता, हे कबूल करते. तो बोलताना समोरच्याकडे बघायचा. माझी परीक्षा राहिली तर ती देऊ द्यायची हेही त्याने आपणहून सांगितलं होतं. मला फक्त त्या ताटाची भीती वाटत होती, आणि त्या भीतीवर माझ्याकडे औषध होतं. हळद लागली, हिरवा चुडा भरला, नंदा सतत शेजारी. झोपताना हळूच कानात म्हणायची, ‘दोइ शार्विन’. मी तिचं नाव घेऊन उत्तर द्यायचे. मग झोप यायची.

पाठराखीण म्हणून तीच माझ्याबरोबर सासरी आली. नव्या नवरीला परक्या घरात पहिले दोन दिवस कोणी तरी आपलं असावं, म्हणून ही पाठराखीण.

ताट आलं. नव्या भाताचे तांदूळ होते, घरचेच, अजून थोडे ओलसर, त्यामुळे अंगठीची रेघ नीट उमटत होती. मी मान खाली घालून बसले होते. मनात म्हणत होते, लिही बाबा काय ते, माझं काही जाणार नाही. यांनी पहिलं अक्षर काढलं, श. मला वाटलं शोभा, नाही तर शालिनी. मग काना आला. मग वि. मी मान वर केली. वि वर रफार आला. हात थांबला, यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, अगदी भेटवस्तू देताना पाहतात तसं, आणि न लिहिला.

बायका वाकल्या. ‘काय लिवल्यान? शारवीन? ह्या खंयचा नाव?’ सासूबाईंनी दोनदा उच्चारून पाहिलं आणि तिसऱ्यांदा शेवटी आ लावून टाकला. साखर वाटली. मी नंदाकडे पाहिलं. ती बायकांच्या मागे उभी होती आणि हसत होती, डोळ्यांत पाणी आणून हसत होती. मीही हसले. पहिल्याच दिवशी जमलं म्हणाले ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर आम्ही दोघीच होतो. मी कळशी खाली ठेवली.

‘तू सांगलंस.’

‘काल तुझ्या नणंदेन विचारल्यान, काय नाव आवडात म्हणान. मंगला लिवणार होते गो. मी तुका वाचवलंय.’

‘मंगला लिवले असते तर काय झाला असता?’

‘अगो, तुझा नाव तुका मिळाला. आणखी काय होया?’

‘ता माझा होता,’ मी म्हटलं. ‘आता ता तेंचा झाला.’

नंदाने माझी कळशी भरून दिली. मी स्वतःला समजावलं की घाईत झालं असेल, चार बायकांनी घेरलं असेल, तिला सुचलं नसेल. मी तिला जवळजवळ क्षमा केली होती. तिला एस.टी.त बसवून परत येताना मी रडले ते तिच्या आठवणीने.

महाशिवरात्रीच्या सुमाराला यांनी आपल्या पाकिटातून एक चिठ्ठी काढून मला दाखवली. लग्नानंतर पहिली काही वर्षं हे माझ्याशी कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलत. म्हणाले, ‘आता सांगायला हरकत नाही. साखरपुड्याच्या पुढच्या सोमवारी तुझी मैत्रीण कचेरीत आली होती. म्हणाली, नाव बदलणारच असाल तर हे ठेवा, परदेशी भाषेतलं आहे, तिनं स्वतः निवडलंय, तिला आनंद होईल. तिला कळू देऊ नका, असंही म्हणाली. मी जपून ठेवली.’ चिठ्ठी म्हणजे पत्रिकेच्या पाठीचा कापलेला तुकडा होता. नंदाचं अक्षर. शार्विन, पुढे टिंब, आणि जोर कुठे द्यायचा त्याची खूणही.

साखरपुड्याच्या पुढचा सोमवार. म्हणजे लग्नाआधी महिनाभर. हळदीच्या आधी, चुड्याच्या आधी. माझ्या शेजारी झोपून माझ्या कानात ते नाव म्हणत होती, तेव्हा ते तिने आधीच देऊन टाकलेलं होतं. नणंद नाही, मंगला नाही, घाई नाही. मला सर्वांत जास्त टोचलं ते हे, की देऊन झाल्यावरही ती मला त्या नावाने हाक मारत राहिली.

‘आवडलं ना?’ यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘खूप.’ दुसरं काय म्हणणार होते? बाकीचे नवरे बायकोला न विचारता नाव लिहितात. या माणसाने मला माझं नाव द्यायचा प्रयत्न केला होता. त्याला कसं सांगायचं की तुम्ही जे प्रेमाने दिलंत ते माझ्याकडून चोरलेलं होतं? अजून सांगितलेलं नाही. हे वाचतील तेव्हा कळेल. ते माझं लिहिलेलं वाचत नाहीत, हा एक दिलासा.

नावाचं पुढे जे व्हायचं ते झालं. शेवटचं दार कोणी बंद ठेवलं नाही. सासूबाईंची शारविना, नणंदेची शारू, शेजारणींची शारविणी. शारविना, पेज ठेव. शारू, गुरांक पाणी दाखव. कोणी वाईट वागलं असं नाही, माणसं चांगलीच होती. पण संकटात जिथे जाऊन बसायचं म्हणून मी एक खोली बांधली होती, आणि त्या खोलीत आता दिवसभर सगळ्या घराची ये-जा होती. बसायला मला दुसरी जागा उरली नाही. त्यानंतर मी ती भाषा शिकले नाही. माझ्या वाट्याचे पत्ते एकदा पाणी तापवताना चुलीत घातले. जाड कागद, चांगले जळले.

नंदाने लग्न केलं नाही. खारेपाटणकडेच शिक्षिका झाली. पहिली दोन-तीन वर्षं तिची पत्रं येत होती, वर मायना ‘दोइ शार्विन’. मी उत्तरात ‘प्रिय नंदा’ लिहायचे. तिला ते कळलं असणार, कारण ती हुशार होती. पुढे पत्रं थांबली. जगात तिला तिच्या त्या नावाने हाक मारणारी मी एकटीच होते, आणि मी हाक मारणं सोडलं. माझ्या हातात तेवढंच होतं आणि तेवढं मी मन लावून केलं.

यंदा भात वाळत घातलं त्याच दिवशी दुपारी फोन आला. इतक्या वर्षांनी आवाज ओळखेन असं वाटलं नव्हतं, पण ‘गो’ म्हणाली आणि ओळखला. ती निवृत्त झाली आहे. जुनं घर विकायचं म्हणून कपाटं रिकामी करत होती, त्यात पत्त्यांचा एक जुडगा मिळाला.

‘तुझा नाव मिळाला. माझा नाय मिळाक. खूप शोधलंय. काय होता गो ता? माका आठवणाच नाय.’

खळ्यात चिमण्या दाणे टिपत होत्या, यांनी पडवीतून काठी आपटली तशा उडाल्या आणि परत बसल्या.

‘तुझा मात्र रवला,’ ती म्हणाली. ‘सगळी तुका त्याच नावान हाक मारतत. तेव्हा माका तसाच वाटलेला. तू जातलंस, मी हयच रवतलंय. दोघांतला एक तरी नाव लोकांच्या तोंडात रवांदे.’

तिने माफी मागितली नाही, आणि मला वाटतं तिला तशी काही गरजही वाटली नसावी. तिच्या हिशेबात तिने माझं नाव जगवलं होतं. मला तिचा राग आला, कीवही आली, आणि त्या दोन्हींच्या खाली तिचं नाव होतं, जसंच्या तसं. खोडलेली चार नावंसुद्धा मला आठवत होती. पाचव्यातला जोर पहिल्या अक्षरावर. शेवटचं व्यंजन म्हणून झालं की ती खालचा ओठ दातांत धरायची, थांबण्याचा नियम पाळायला.

‘आठवता तुका?’ तिने पुन्हा विचारलं.

‘माका पण आठवणा नाय,’ मी म्हटलं.

ती ‘बरा’ म्हणाली, यांची चौकशी केली, आणि फोन ठेवला.

मी खळ्यात गेले. भात तापलं होतं. गुडघे दुखतात तरी उकिडवी बसले आणि बोटाने त्यात नंदाचं नाव लिहिलं. पुढे टिंब दिलं. एकदा वाचलं, ओठ न हलवता. मागून हे विचारत होते, ‘शारू, फोन कोणाचो होतो?’ मी तळव्याने भात सारखं केलं आणि म्हटलं, ‘कोणाचो नाय.’